बारावीला पुन्हा बसलं तर पुढचा प्रवेश अडतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात निकाल लागला की आमच्या कॉलेजच्या ऑफिसबाहेरचा बाक सकाळपासून भरलेला असतो. मुलगा किंवा मुलगी खाली मान घालून बसलेली, शेजारी आई नाहीतर वडील, मांडीवर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये दहावीची गुणपत्रिका आणि मोबाइलवर बारावीच्या निकालाचा स्क्रीनशॉट. विचारायचं सगळ्यांना एकच असतं: पुन्हा परीक्षा दिली तर पुढे त्रास होईल का? मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि निकालानंतरचे पंधरा दिवस वर्गापेक्षा त्या बाकावरच जास्त असते. तिथे येणारे प्रश्न आले तसेच खाली मांडलेत. मुलांना मी तू म्हणते, पालकांना तुम्ही, इथेही तसंच ठेवलंय. माहिती मुख्यतः महाराष्ट्र राज्य मंडळाच्या मुलांसाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. पुन्हा बसल्याचा डाग प्रवेशाच्या वेळी कुठे लागत नाही. फटका बसतो तो तारखांचा. कुठल्या प्रवेशाची मुदत कधी संपते आणि कुठल्या परीक्षेला किती वर्षं बसता येतं, हे न बघता घेतलेला निर्णय महागात पडतो.

मॅडम, गुणपत्रिकेवर रिपीटर म्हणून शिक्का येतो का?

शिक्का येत नाही. गुणपत्रिकेवर परीक्षेचा महिना आणि वर्ष असतं, त्यावरून परीक्षा केव्हा दिली ते कळतं, एवढंच. प्रवेशाच्या अर्जात उत्तीर्ण झाल्याचं वर्ष विचारतात, ते खरं लिहायचं. गुणवत्ता यादी लावताना दुसऱ्या प्रयत्नात मिळालेले ७० टक्के आणि पहिल्या प्रयत्नातले ७० टक्के शेजारीशेजारीच बसतात. रिपीटरचे पाच मार्क कापून घेतात, असं दर वर्षी कोणीतरी मुलांच्या डोक्यात भरवतं. राज्यातल्या पदवीच्या प्रवेशात अशी कपात होत नाही.

मग पुन्हा बसून मार्क वाढवले तर फायदा किती?

हे तुला कुठे जायचंय त्यावर आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बीए, बीकॉम, साधं बीएस्सी यांचे प्रवेश बहुतेक ठिकाणी अजून बारावीच्या गुणांवरच होतात. मुंबई-पुण्याच्या नावाजलेल्या कॉलेजांत एकेका टक्क्यावर यादी सरकते. तिथे वाढलेले गुण सरळ कामाला येतात. डी. फार्मसीचा प्रवेशही बारावीच्या विज्ञान विषयांच्या गुणांवर, प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या डी. एल. एड.चाही बारावीच्याच गुणांवर. यातल्या एखाद्या वाटेने जायचं असेल आणि पहिल्या निकालात तब्येतीमुळे किंवा घरच्या अडचणीमुळे मार खाल्ला असेल, तर पुन्हा बसण्यात अर्थ आहे.

इंजिनिअरिंगचं तसं नाही. राज्यातल्या कॉलेजांत, पुण्याचं सीओईपी असो की मुंबईचं व्हीजेटीआय, क्रम लागतो एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतल्या पर्सेंटाइलवर, म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी किती टक्के मुलं तुझ्या मागे आहेत त्यावर. बारावीत भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा विषय मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राज्यातल्या मागास प्रवर्गांना ४० टक्के लागतात. ती अट एकदा पार झाली की बारावीला ५५ टक्के पडले काय आणि ८५ पडले काय, यादीत तू सीईटीच्या जोरावरच उभा राहतोस. सीईटीत दोघांची बरोबरी झाली तरच बारावीचे गुण बघायची पाळी येते. म्हणजे ५८ चे ७२ टक्के करायला पूर्ण वर्ष बारावीच्या पुस्तकांत घालवलं आणि सीईटीचा सराव मागे पडला, तर कष्ट चुकीच्या विहिरीत ओतले.

पालकांच्या मनात मात्र दुसरंच बसलेलं असतं, आणि त्याला कारण आहे. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांत इंजिनिअरिंगची सीईटी बंद होती. तेव्हा जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेचे आणि बारावीचे गुण निम्मेनिम्मे धरून यादी लागायची. त्या काळात बारावी पुन्हा देऊन खरंच उडी मारता यायची. २०१६ पासून सीईटी परत आली आणि ते गणित बदललं. शेजारच्या दादाने दिलेला सल्ला त्याच्या वर्षी बरोबर असेल, तुझ्या वर्षी तो लागू होईलच असं नाही.

बीबीए, बीसीए, बीएमएस यांनाही २०२४ पासून सीईटी आहे. पाच वर्षांच्या लॉला आधीपासूनच आहे. या वाटांवर बारावीत पात्रतेपुरते गुण हवेत, बाकीची मेहनत सीईटीची.

एकच विषय राहिलाय, मॅथ्स. जुलैमध्ये निघाला तर यंदाच ॲडमिशन मिळेल का?

बऱ्याच वेळा मिळते, पण मनासारख्या ठिकाणी मिळेलच असं सांगता येत नाही.

तुझ्या आईवडिलांच्या वेळी नापास झालेल्यांची ऑक्टोबरची वारी असायची. ऑक्टोबरला बसायचं, निकाल येईपर्यंत वर्ष गेलेलं असायचं. ते वर्ष वाचावं म्हणून दहावीसाठी २०१५ पासून जुलैमध्ये पुरवणी परीक्षा सुरू झाली आणि पुढे बारावीलाही ती सोय झाली. २०२५ मध्ये बारावीचा निकाल ५ मेला लागला आणि पुरवणी परीक्षा २४ जूनलाच सुरू झाली. ज्या विषयांत पास आहेस ते पुन्हा द्यावे लागत नाहीत, त्यांचे गुण पुढे येतात. द्यायचा तो फक्त राहिलेला विषय.

आता कॅलेंडर बघ. पुरवणीचा निकाल जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टमध्ये येतो. तोवर कला, वाणिज्य, विज्ञानाच्या मोठ्या कॉलेजांच्या याद्या लागून जागा भरलेल्या असतात. जागा उरतात त्या जवळच्या कॉलेजांत, कमी मागणीच्या शाखांत. तिथे प्रवेश मिळतो. इंजिनिअरिंगला कॅपच्या, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश फेऱ्यांच्या, नोंदणीची मुदत तोवर सरलेली असू शकते. मग फेऱ्या संपल्यावर ज्या जागा रिकाम्या राहतात त्यांच्यावर कॉलेज पातळीवर प्रवेश होतात, तिथे प्रयत्न करायचा. यंदाचा सीईटीचा स्कोअर यंदापुरताच चालतो. पुढच्या वर्षी जायचं ठरवलंस तर सीईटी पुन्हा द्यावी लागेल, हे विसरू नकोस.

माझं मत विचारशील तर विषय राहिला असेल तर जुलैची संधी सोडायची नाही. पुढच्या मार्चला आरामात देऊ म्हणणारी मुलं मी पाहिलीत. पुस्तक एकदा बंद झालं की सात-आठ महिन्यांनी ते उघडणं जड जातं. मे महिन्यात अभ्यास अजून डोक्यात असतो.

पास आहे पण ५१ टक्केच आहेत. मार्क वाढवायला परीक्षा देता येते का?

येते. तिला श्रेणीसुधार योजना म्हणतात, अलीकडे गुणसुधारही म्हणतात. पहिल्याच प्रयत्नात सगळ्या विषयांत पास झालेल्यांसाठी ती आहे. लगतच्या ठरावीक परीक्षांतच ही संधी असते. २०२५ च्या निकालावेळी मंडळाने तीन संधी सांगितल्या होत्या: जून-जुलै २०२५, फेब्रुवारी-मार्च २०२६ आणि जून-जुलै २०२६. त्याआधीच्या वर्षी दोनच होत्या. चार वर्षांनी आठवण झाली म्हणून श्रेणीसुधार करता येत नाही.

गुण वाढले नाहीत तर पहिला निकाल पुसला जात नाही, त्यामुळे भीती नको. तरीही सगळ्या विषयांची तयारी धरूनच याचा विचार कर. इंग्रजीला पाच मार्क वाढले आणि रसायनशास्त्राला दहा गेले, असंही होतं.

जूनच्या परीक्षेत श्रेणीसुधार करू, असं म्हणणाऱ्यांना मी एक विचारते: मार्चमध्ये जे अडलं ते सहा आठवड्यांत कसं सुटेल? परीक्षेच्या दिवसांत ताप होता, घरात कोणी वारलं होतं, असं कारण असेल तर जून चालेल. अभ्यासच कच्चा राहिला असेल तर पुढची फेब्रुवारी गाठणं शहाणपणाचं.

दोन गुणपत्रिका झाल्या तर कॉलेजवाले कोणती धरतात? जास्त मार्कांची की शेवटची?

हा प्रश्न फार थोडे विचारतात आणि सगळ्यात जास्त इथेच फसतात.

आयआयटीच्या प्रवेशात जेईई ॲडव्हान्स्डच्या रँकशिवाय बारावीची एक अट असते: एकूण ७५ टक्के, किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग मुलांसाठी ७५ च्या जागी ६५ टक्के. एनआयटीलाही अशीच अट आहे. करोनाच्या वर्षांत ती सैल केली होती, २०२३ पासून परत आली. ७१ टक्क्यांवर अडकलेल्या मुलाने श्रेणीसुधार करणं या अटीसाठी अगदी योग्य आहे, कारण इथे दोन प्रयत्नांतला चांगला प्रयत्न धरतात.

आता बिट्स पिलानी बघ, जिचा एक कॅम्पस आपल्या शेजारी गोव्यात झुआरीनगरला आहे आणि कोल्हापूर-बेळगावकडची बरीच मुलं जिच्याकडे डोळे लावून असतात. तिथे बारावीच्या तीन विषयांत मिळून ७५ टक्के आणि प्रत्येकात किमान ६० लागतात. बारावी एकाहून जास्त वेळा दिली असेल तर सगळे विषय घेऊन दिलेला शेवटचा प्रयत्न धरतात. म्हणजे पहिल्यांदा ७८ होते, हौसेने पुन्हा बसलास आणि ७३ पडले, तर आयआयटीच्या अटीला ७८ चालतील आणि बिट्सला ७३ बघतील. शिवाय तिथे चालू किंवा आदल्या वर्षीच बारावी झालेली असावी लागते.

म्हणून पुन्हा बसायचा अर्ज भरण्याआधी जिथे जायचंय त्या संस्थेचं त्या वर्षीचं माहितीपत्रक काढ. त्यात अनेक प्रयत्न दिलेल्या विद्यार्थ्यांबद्दल एक परिच्छेद असतो. तो एकदा स्वतः वाच आणि एकदा घरच्यांसमोर मोठ्याने वाच.

बारावी पुन्हा दिली तर जेईईला परत नव्याने वर्षं मिळतात ना?

जेईई ॲडव्हान्स्डला मिळत नाहीत. ही समजूत इतकी पक्की आहे की त्यापायी मुलांची वर्षं गेलेली मी पाहिलीत, म्हणून नीट सांगते.

ॲडव्हान्स्ड सलग दोन वर्षांत दोनदाच देता येते आणि घड्याळ सुरू होतं बारावीला पहिल्यांदा बसलास त्या वर्षापासून. २०२५ च्या परीक्षेला २०२४ किंवा २०२५ मध्ये पहिल्यांदा बारावी देणारेच पात्र होते. नापास झालास, पुन्हा बसलास, मंडळ बदललंस, तरी पहिलं वर्ष तेच राहतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ही मर्यादा तीन वर्षांवर नेल्याचं जाहीर झालं आणि काही दिवसांतच मागे घेतलं गेलं. मधल्या त्या दिवसांत ज्यांनी घेतलेला प्रवेश सोडला त्यांना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिलासा दिला. यावरून एवढं घ्यायचं की बातमी वाचून लगेच कॉलेज सोडायचं नाही.

जेईई मेन सलग तीन वर्षं देता येते, दर वर्षी जानेवारी आणि एप्रिल अशा दोन सत्रांत, आणि दोन्हींतला चांगला स्कोअर धरतात. सीईटीला अशी वर्षांची अट मुलांना आडवी येत नाही. शिवाय २०२६-२७ च्या प्रवेशांसाठी ती एकाच वर्षात दोनदा देण्याची सोय जाहीर झाली आहे.

मुलीला डॉक्टरच व्हायचंय. नीटसाठी ड्रॉप, म्हणजे एक वर्ष फक्त तयारीला, घेऊ द्यावा का?

नियम सोपा आहे. नीट ही वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा कितीही वेळा देता येते, कमाल वयाची अट राहिलेली नाही, आणि पहिल्या प्रयत्नात पास झालेली की तिसऱ्या, हे कोणी विचारत नाही. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गाला ४० टक्के हवेत. ते असतील तर बारावी पुन्हा देण्याची काहीच गरज नाही. ७२० पैकी किती, तेवढंच पुढे चालतं. पात्रतेचे गुण कमी असतील तर मात्र आधी ते पुरे करा, नाहीतर नीटला चांगले मार्क पडूनही दार उघडणार नाही.

कठीण प्रश्न नियमाच्या पलीकडचा आहे. २०२५ ला ही परीक्षा २२ लाखांहून जास्त मुलांनी दिली. लातूरला, नांदेडला खोल्या भाड्याने घेऊन राहणाऱ्या रिपीटर मुलांच्या गल्ल्याच्या गल्ल्या आहेत. त्यांतली काही दुसऱ्या वर्षी शंभर-दीडशे मार्कांनी पुढे जातात, काही आहेत तिथेच राहतात. पालकांना मी सांगते की पहिला ड्रॉप मुलीला हवा असेल तर द्या, तिला नको असेल तर तुमच्या इच्छेसाठी देऊ नका. दुसऱ्या ड्रॉपच्या आधी तिची पहिल्या वर्षभराची सराव परीक्षांची वही उघडून बघा. मार्क महिन्यागणिक चढत गेलेत का? तसं असेल तर बोलू. सहा महिने एकाच आकड्याभोवती फिरत असतील तर बीएएमएस, बीपीटी, नर्सिंग, बीएस्सी या वाटा त्याच वर्षी पकडाव्यात.

पुन्हा बसण्याआधी पेपर बघायला मिळतो का?

मिळतो, आणि बघावाच. ही गोष्ट मी कळकळीने सांगते.

निकालानंतर ऑनलाइन अर्ज करून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. अलीकडच्या वर्षांत छायाप्रतीला विषयागणिक ४०० रुपये, गुणपडताळणीला ५० आणि पुनर्मूल्यांकनाला ३०० रुपये असे दर होते. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते आणि ती मिळाल्यापासून कामाच्या पाच दिवसांत पुढचा अर्ज करायचा असतो.

मार्क वाढावेत म्हणून तर ती घ्यायचीच, पण मला तिचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा वाटतो. दोन वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी भौतिकशास्त्रात नापास झाला. मला काहीच येत नाही, एवढंच म्हणत होता. छायाप्रत आल्यावर आम्ही दोघं स्टाफरूमच्या टेबलावर पानं पसरून बसलो. पहिल्या पाच पानांवर अक्षर मोत्यासारखं, समासाला पट्टीने रेघ, प्रत्येक व्याख्येला चौकट. सहाव्या पानापासून अक्षर तिरकं. शेवटच्या तीन गणितांत सूत्र बरोबर, किमती बरोबर भरलेल्या, आणि उत्तर काढण्याआधीच लेखन थांबलेलं. तो बराच वेळ त्या अर्ध्या ओळींकडे बघत राहिला. मग म्हणाला, मॅडम, मला येत होतं. त्याने जुलैपर्यंत एकच सराव केला, घड्याळ लावून तीन तासांत पूर्ण पेपर लिहायचा. चौकटी सोडून दिल्या. विषय निघाला, ६३ मार्क पडले.

छायाप्रत येईपर्यंत पुरवणीच्या अर्जाची मुदत मात्र थांबत नाही. दोन्ही अर्ज करून ठेवायचे.

दहावीलाच दोन विषय राहिलेत. अकरावीचं काय?

दहावीत एक किंवा दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे ते विषय मागे ठेवून, अकरावीला बसता येतं आणि राहिलेले विषय पुढच्या परीक्षेत काढता येतात. पॉलिटेक्निकचा पहिल्या वर्षाचा प्रवेश दहावीच्या गुणांवर असल्याने तिकडे जायचं असेल तर मात्र दहावी पूर्ण हवी. पुढे बारावी झाल्यावर विद्यापीठाच्या प्रवेशात दहावीचे विषय कितव्या प्रयत्नात निघाले याने काही अडत नाही.

सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी केली तर डिग्रीला चालते का?

चालते. गुणपत्रिका मंडळाचीच असते. नापास झालेल्यांना मात्र सतरा नंबरचा फॉर्म लागत नाही. तो शाळा-कॉलेजात नाव नसलेल्या, मध्येच शिक्षण सुटलेल्या खाजगी विद्यार्थ्यांसाठी आहे. ज्यांनी एकदा परीक्षा दिली आहे ते पुनर्परीक्षार्थी म्हणून आपल्या जुन्या कॉलेजमधूनच अर्ज भरतात. बाहेर कोणी पैसे घेऊन सतरा नंबर भरून देतो म्हणालं तर आधी कॉलेजात येऊन विचारा.

सीबीएसईवाल्यांना एकाच विषयात सुधारणा करता येते म्हणे?

हो. बारावीला त्याच वर्षी जुलैच्या पुरवणी परीक्षेत एका विषयात गुण सुधारता येतात. जास्त विषयांसाठी पुढच्या वर्षीच्या मुख्य परीक्षेची वाट बघावी लागते.

वर्ष गेलं तर गॅप सर्टिफिकेट लागतं. त्याने ॲडमिशन नाकारतात का?

गॅपमुळे राज्यातल्या पदवीला कोणी दार बंद करत नाही. मधल्या वर्षात दुसरीकडे प्रवेश घेतला नव्हता, असं प्रतिज्ञापत्र मागतात. त्यात खरं कारण लिहायचं: परीक्षेची तयारी, आजारपण, घरची अडचण, काहीही चालतं. मधल्या वर्षात एखाद्या कॉलेजला नाव घातलं असेल तर ते लपवू नकोस, कारण शाळा सोडल्याचा दाखला तिकडे अडकलेला असतो आणि ऐन प्रवेशाच्या दिवशी ते उघडं पडतं.

गॅपचा खरा विचार करायचा तो नोकरीच्या वेळचा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी सगळीकडे ६० टक्के मागतात आणि शिक्षणातला खंड एक-दोन वर्षांहून जास्त नको म्हणतात. ५७ टक्के असलेल्या मुलाला मी श्रेणीसुधाराचा विचार कर म्हणते तो या ६० च्या रेघेसाठी. खंड एका वर्षाचा असेल तर तो कोणाच्या डोळ्यावर येत नाही. एमपीएससी, यूपीएससीला पदवी लागते, बारावी कितव्या प्रयत्नात झाली हे तिथे विचारात येत नाही. एनडीएला मात्र वय कडक आहे. खडकवासल्याला जायचं स्वप्न असेल तर एक वर्ष गमावण्याआधी जन्मतारीख धरून हिशेब कर.

परदेशी शिकायला जायचं असेल तर?

पदवीनंतर एमएसला जाणाऱ्यांना बारावीच्या प्रयत्नांनी सहसा काही होत नाही, तिकडे पदवीचे गुण बघतात. बारावीनंतर लगेच जायचं असेल तर जपून. ब्रिटनमध्ये काही वैद्यकीय महाविद्यालयं पुन्हा दिलेल्या परीक्षेचे गुण धरत नाहीत किंवा त्यासाठी वेगळ्या अटी घालतात. सगळ्या गुणपत्रिका मागितल्या असतील तर सगळ्या द्यायच्या, एक लपवून ठेवायची नाही.

मॅडम, मुलगी नापास झाली. आता घरीच बसवतो, स्थळंही यायला लागलीत.

हा प्रश्न नसतो, निर्णय सांगितलेला असतो. तरी मी त्याला प्रश्न समजूनच उत्तर देते.

मुलगा नापास झाला की त्याला पुण्याला क्लास लावायचा आणि मुलगी नापास झाली की तिच्यासाठी स्थळ बघायचं, हे मी इतक्या वर्षांत इतक्या घरांत पाहिलंय की आता त्या बाकावर बसल्या बसल्या वडिलांच्या चेहऱ्यावरून ओळखते. दादा, तुमच्या मुलीला इंग्रजीत ३१ पडलेत. चार मार्क कमी आहेत. पाच विषय तिने काढलेत. पुरवणीचा फॉर्म मी आत्ता इथेच भरून घेते, तिला दोन महिने द्या. दुपारी दोन तास स्टाफरूममध्ये पाठवा, इंग्रजीच्या मॅडम शिकवतील, पैसे लागणार नाहीत. स्थळाला ऑगस्टपर्यंत थांबा म्हणा. थांबत नसेल तर ते स्थळच तिच्या जोगं नव्हतं.

तीनदा असं झालंय की वडील फॉर्म न भरताच उठून गेले. त्या तिन्ही मुलींची नावं मला आजही पाठ आहेत.

निकालापासून तो खोलीतून बाहेरच येत नाही. काय करू?

अर्ज, फॉर्म, पुरवणी सगळं दोन दिवस बाजूला ठेवा. त्याच्यापाशी बसा, जेवायला घाला, रात्री एकटं झोपू देऊ नका. नातेवाइकांचे निकाल विचारणारे फोन तुम्हीच घ्या. त्याला तुमच्याशी बोलावंसं वाटत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, तिथे चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलता येतं. मरणाची भाषा तोंडातून आली तर ती खरी धरा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

मधल्या वर्षात आणखी काय करून ठेवावं?

राखीव प्रवर्गातून प्रवेश घ्यायचा असेल तर जात वैधता प्रमाणपत्र. ऐन प्रवेशाच्या वेळी जागा लागते आणि वैधतेची पावतीही हातात नसते, अशी मुलं दर वर्षी बाकावर येतात. तुझ्याकडे आता वेळ आहे, तर समितीकडे अर्ज करून टाक. नॉन-क्रिमिलेअर, अधिवास, आधारवरचं नाव हेही तपासून घे.

पुरवणीचा किंवा श्रेणीसुधाराचा अर्ज कुठे आणि कधी भरायचा?

निकालानंतर काही दिवसांतच अर्ज सुरू होतात, आपल्या कॉलेजच्या ऑफिसमधून ऑनलाइन भरले जातात. मुदत थोडी असते, नंतर विलंब शुल्क लागतं. येताना मूळ बैठक क्रमांक आणि गुणपत्रिकेची प्रत आण. प्रात्यक्षिक पुन्हा द्यायचं की जुने गुण पुढे येणार, हे तिथेच विचारून घे. भरून झाल्यावर प्रिंट काढून तुझं, वडिलांचं आणि आईचं नाव इंग्रजीत एकेक अक्षर बोट ठेवून वाच. पहिल्या गुणपत्रिकेवर जसं आहे अगदी तसंच हवं. एकीवर ‘वाय’ आणि दुसरीवर ‘आय’ आलं तर पुढे नाव दुरुस्तीसाठी विभागीय मंडळात खेटे घालावे लागतात, आणि आमच्या गावापासून तिथे जायला सकाळची सहाची एसटी पकडावी लागते.